लाल पट्टीचा डबा

लिहून ठेवणार मी, खाली सही करणारी. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा अभिनय, लग्न नाही, मूल नाही, पडद्यावर मात्र एकशे बारा मुलांची आई. आज माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं. हे मृत्युपत्र मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिलं मी रागाच्या भरात केलं होतं आणि दुसरं एका मालिकेत. पण त्यावरही सही माझीच होती, तेव्हा सांगितलेलं बरं.

कलम एक. राहतं घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावं. ती सिनेमाचं संकलन करते. दिवसभर लोकांनी चित्रित केलेलं कापते आणि जोडते, आणि संध्याकाळी इथे येऊन माझं बोलणं कापते. घराला तिने हवा तो रंग द्यावा. फक्त स्वयंपाकघरातलं हे टेबल आणि दोन खुर्च्या हलवू नयेत. का, ते पुढे येईल.

कलम दोन. बँकेत जे काही निघेल तेही तिचंच. आकडा लिहीत नाही. वाचताना तिचा चेहरा पडायला नको.

कलम तीन. मेकअपची पेटी आणि पांढऱ्या केसांचा टोप. टोपाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. चोवीस वर्षांची असताना मी नायिकेच्या मैत्रिणीचं काम मागायला गेले होते. त्या दिवशी आईचं काम करणाऱ्या बाई आल्या नाहीत. दिग्दर्शक म्हणाला, "आजच्या दिवस घाल ना गं हा टोप, उद्या बघतो कोणीतरी." त्याचा तो उद्या आजतागायत उजाडला नाही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा असलेला नायक माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला आणि शॉट संपल्यावर डोळे पुसत म्हणाला, "आई, जरा चहा सांग ना." मी सांगितला. तिथेच फसले. पुढे एक दिवस आरशात पाहिलं, तर टोप खाली ठेवलेला होता आणि केस पांढरेच होते. पेटी आणि टोप आमच्या जुन्या अभिनयवर्गाला द्यावेत. एकच अट, चोविशीच्या पोरीला तो टोप घातला, तर दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावरून काढायलाही कोणीतरी हजर असावं.

कलम चार. रुसवे. सिनेमावर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी सलग वीस वर्षं माझ्याबद्दल "आईच्या भूमिकेत नेहमीप्रमाणे" एवढेच तीन शब्द लिहिले. त्यांना मी माफ केलं आहे. कात्रणं रद्दीत घालावीत. त्या नायकालाही माफ केलं, त्याच्या गुडघ्यांची अवस्था माझ्यापेक्षा वाईट आहे. माझ्या सिनेमाच्या निर्मात्याला मात्र माफी नाही. तो वारला, म्हणून मी माझं मत बदलणार नाही.

पण सगळ्यात मोठा रुसवा ज्याच्यावर धरला, त्याचा काहीच दोष नव्हता. हे मृत्युपत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे. घर नि टोप हे सगळं इथवर येण्याचं निमित्त होतं. घाबरट बाई आहे मी, सरळ मुद्द्यावर येत नाही.

कलम पाच. सिनेमा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला लोकांच्या आया व्हायचा वीट आला. आपला सिनेमा आपण करू, असं मी ढापण्याला म्हटलं. ढापण्या म्हणजे माझा कॅमेरामन मित्र. चष्मा काढला तर त्याला समोरचा दरवाजा दिसायचा नाही, आणि चष्मा घालून त्याच्याएवढं स्वच्छ बघणारा माणूस मला आयुष्यात भेटला नाही. तो म्हणाला, "करू की. पण तू दिग्दर्शक झालीस की माझ्यावर ओरडशील."

"नाही ओरडणार."

"लिहून दे."

मी बिस्किटाच्या वेष्टनावर लिहून दिलं. सहीसुद्धा केली.

गोष्ट एवढीशीच होती. मुलगी खूप वर्षांनी घरी येते, तर आई राहिलेली नसते. मुलीचं काम मी करणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मुलगी! आईसाठी ज्या बाई ठरल्या होत्या, त्या आजारी पडल्या. तेव्हा मी माझ्या खऱ्या आईला विचारलं.

माझी आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरींच्या वाफेत तिची तीस वर्षं गेली. मला नटी व्हायचंय असं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "घरात कमी नाटकं करतेस का, म्हणून आता बाहेर जाऊन करायचीत?" माझा एकही सिनेमा तिने पाहिला नाही. दुसऱ्या कोणाची तरी आई म्हणून मी त्याला बिलगलेली किंवा कोणी मला बिलगलेलं तिला बघवणार नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तर विचारल्यावर ती म्हणाली, "अभिनय वगैरे मी करणार नाही. मला मटार सोलायचेच आहेत, ते सोलीन. तुम्हाला काय करायचं ते करा."

आमचं हे स्वयंपाकघर एवढं लहान की कॅमेऱ्याला एकच कोपरा मिळाला. तिवई तिथे जी ठोकून बसवली, ती आठवडाभर हलली नाही. सकाळी आई याच टेबलाशी, भिंतीकडच्या खुर्चीत बसली आणि तिने चार मिनिटं मटार सोलले. मी कॅमेऱ्याला खेटून जमिनीवर बसले होते. शेवटी तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झालं का तुझं?" ढापण्या कुजबुजला, "अगं, किती सुंदर!" त्याचे डोळे भरले होते. माझेही.

आता नीट वाचावं. आमचा कॅमेरा जुना. चित्रण झालं की रीळ उलटं गुंडाळून पुन्हा पहिल्यासारखंच डब्यात जायचं. त्यामुळे कोरं कोणतं आणि वापरलेलं कोणतं, हे हाताला कळायचं नाही. वापरलेल्या डब्याला लाल चिकटपट्टी लावायची, एवढीच त्याची ओळख. ढापण्याने आईच्या डब्याला लाल पट्टी लावली. मी स्वतः पाहिलं.

दुपारी माझा प्रसंग होता. मुलगी येते, खिडकीकडच्या खुर्चीत बसते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहते. मीच नटी आणि मीच दिग्दर्शक, तेव्हा नेमकं कुठे थांबायचं त्याची जमिनीवर खूण हवी होती. पट्टीचं भेंडोळं संपलं होतं. दुकानात जाऊन येईपर्यंत खिडकीतलं ऊन गेलं असतं. ढापण्या गॅलरीत चष्मा पुसत होता. मी आईच्या डब्यावरची लाल पट्टी सोलून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि जमिनीवर फुली मारली. शॉट झाला की परत लावू, असं मनाशी म्हटलं, आणि मुलीच्या भूमिकेत शिरले ती शिरलेच. ढापण्याने पट्टी नसलेला डबा पाहिला, कोरा समजला आणि कॅमेऱ्यात चढवला. एकाच रिळावर आई आणि तिच्यावर मी.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतून रीळ आलं. आई त्याच्या चार दिवस आधी गेली होती. पुन्हा चित्रण करायला माणूसच उरलं नव्हतं. निर्माता आणि सात माणसं बसलेली असताना मी ओरडले, "आंधळ्या! माझी आई पुसून टाकलीस!" ढापण्याने चष्मा काढला. म्हणाला, "डब्यावर पट्टी नव्हती गं." मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस."

त्याच संध्याकाळी घरी येऊन सिनेमाचे कपडे आवरायला घेतले. मुलीच्या बुटाच्या तळाला लाल पट्टीचा तुकडा चिकटलेला होता. तो पाहिला आणि मला सगळं लख्ख आठवलं. मी तो तुकडा कचऱ्यात टाकला आणि गप्प बसले. एक दिवस गप्प बसले की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं. असे एकतीस वर्षांचे दिवस झाले.

सिनेमा तिथेच बंद पडला. निर्मात्याने सगळीकडे सांगितलं की या कॅमेरामनला कोरं आणि वापरलेलं कळत नाही. ढापण्याला काम मिळेना. त्याने ओळखपत्रांचे फोटो काढायचं दुकान टाकलं. एवढ्या नजरेचा माणूस, आणि जन्मभर लोकांना "सरळ बघा, हसू नका" सांगत बसला. माझ्या ओळखपत्राचा फोटो काढायला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे. त्याच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

गेल्या महिन्यात भाचीने पलंगाखालचा तो डबा काढला आणि रीळ संगणकावर उतरवून आणलं. म्हणाली, "मावशी, बघ तर खरी. हे खराब नाहीये." मी एकतीस वर्षांत ते पुन्हा पाहिलं नव्हतं. कॅमेरा हललाच नव्हता, म्हणून टेबलावर टेबल आणि भिंतीवर भिंत तंतोतंत बसली आहे. मी येते, बसते, रिकाम्या खुर्चीकडे बघते, आणि त्या खुर्चीत आई आहे. जराशी पारदर्शक, मटार सोलतेय. आम्ही दोघी समोरासमोर बसलेल्या असं दुसरं चित्र या जगात नाही, साधा फोटोसुद्धा नाही. शेवटी ती मान वर करून विचारते. आवाज नाही, पण ओठांवरून कळतं. झालं का तुझं? आणि समोर बसलेली मी, मला काहीएक ठाऊक नसताना, मान हलवते.

आई पुसली गेली नव्हती. ती तिथेच होती. मी मात्र ढापण्याला पुसून टाकलं.

कलम सहा. सदर रीळ, डबा आणि जुना कॅमेरा माझ्या मित्राला, ढापण्याला द्यावा. (हे कलम खोडलं आहे. कारण खाली.)

वकीलबाईंनी विचारलं, साक्षीदार कोण? मी म्हटलं, ढापण्या. त्या म्हणाल्या, "मग त्यांना मृत्युपत्रातून काही देता येणार नाही. एक काहीतरी ठरवा. देणगी हवी की साक्ष?" मी रात्रंदिवस विचार केला नाही, लगेच सांगितलं, कलम खोडा. मेल्यावर वकिलाच्या हातून माफी मागायची, हा शुद्ध पळपुटेपणा झाला. रीळ मी जिवंतपणी माझ्या हाताने देईन.

भाचीने त्याला फोन केला. तो म्हणाला, "सही करायला येईन. बोलायला येणार नाही." वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते. या साक्षीदाराने वाचावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ढापण्या, पट्टी नव्हती. तू खरं बोलत होतास. माझं चुकलं.

कलम सात. सिनेमा भाचीने जोडून पूर्ण करावा. पाटीवर छायाचित्रणासमोर ढापण्याचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत द्यावं, माझ्या नावाच्या आधी.

कलम आठ. मी गेल्यावर कोणी रडण्याचा अभिनय करू नये. मला लगेच कळतं.

स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीकडची खुर्ची. गुरुवार, तारीख चौदा, सकाळचे साडेअकरा.

मृत्युपत्र करणारीची सही: (केली. शेवटचा फराटा जरा लांबला.)

साक्षीदार एक, शेजारच्या डॉक्टरीणबाई: बाईंनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती ठीक. रक्तदाब जरा वाढलेला, पण कारण समोरच बसलं होतं.

साक्षीदार दोन, कॅमेरामन, सध्या फोटोचं दुकान: मजकूर वाचला. दोनदा वाचला, चष्मा पुसून. भिंतीकडच्या खुर्चीत बसून लिहीत आहे. सही करणारी बाई सही करताना पूर्ण शुद्धीवर होती. रडत होती, पण शुद्धीवर होती. अभिनय नव्हता, मलाही लगेच कळतं. एकतीस वर्षं फार होतात, ती कशी गेली ते मी तिला सांगणार आहे, आणि तिने ते सगळं ऐकून घ्यावं. बिस्किटाचं वेष्टन माझ्याकडे अजून आहे, ते रद्द झालेलं नाही. रीळ हातात मिळालं. उद्या सकाळी दहा वाजता तिच्याबरोबर बसून पाहीन, आणि मग उरलेले प्रसंग चित्रित करायचे आहेत, ऊन याच खिडकीतून येतं. तोवर हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी साक्षीदाराची अट आहे.