गल्लीभर काळ्या साड्या

आजी, तुला लिहायचं तर कोणत्या भाषेत, इथेच माझं घोडं अडतं. तुझी इटालियन मला आली नाही, आणि मराठी तू शेवटपर्यंत भाजीवालीकडून शिकलेल्या हिंदीत घोळून बोललीस. पण कळायचं तुला सगळं, नको तेसुद्धा. तू गेलीस त्या वयाच्याही पुढे मी आता आले आहे, तेव्हा लाज सोडून मराठीतच लिहिते.

तू आमच्याकडे आलीस ती होळीच्या जरा आधी. आजोबा तरुणपणी कापसाच्या एका पेढीच्या कामाला जिनोआला गेले होते. पहिली बायको वारलेली, दोन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, मामाच्या ओटीत टाकलेला. तिकडेच त्यांनी तुझ्याशी लग्न केलं, आणि मोठी लढाई संपल्यावर म्हातारपणी त्यांना इंदूर आठवलं. स्नेहलतागंजातल्या आमच्या दोन खोल्यांपुढे तुम्ही दोघं ट्रंका घेऊन टांग्यातून उतरलात, तेव्हा वडील दारात नुसते उभे राहिले. सोडून गेलेल्या बापाचं करायचं, आणि वर त्याच्या गोऱ्या बायकोचंही करायचं. तुला ते दिसलं असणारच. दुसऱ्या दिवसापासून तू स्वतःला आमच्या घराला जुंपून घेतलंस.

मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. तू पोळपाटावर कणीक लाटतेस, सुरीने तिच्या पट्ट्या कापतेस, आणि आई म्हणते, "अहो, ह्या तर आमच्या चकोल्या. वरणात सोडू का?" तू क्षणभर विचार करतेस आणि म्हणतेस, "छोड़ो." त्या दिवसापासून तुझी आणि आईची गट्टी जमली. वडिलांचं काही जमेना. ते मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून होते. ते घरी येईपर्यंत तू जेवायची नाहीस, त्यांच्या सदऱ्याची बटणं स्वतः लावायचीस, त्यांना खोकला झाला की काढा घेऊन मागे लागायचीस. ते सगळं निमूट घ्यायचे, "तुम्ही कशाला त्रास घेता" म्हणायचे, आणि आई हा शब्द मात्र तोंडातून निघू द्यायचे नाहीत.

दिवाळी झाली आणि आजोबा गेले. तेराव्यानंतर आईने तुझ्यापुढे पांढरं लुगडं ठेवलं. तू ते घडी करून परत दिलंस आणि ट्रंकेतून काळा झगा काढलास. आई कळवळून म्हणाली, "काळं नको हो, घरात पोर आहे." तू म्हणालीस, "हमारे में पति मरा तो काला. जिंदगी भर." आमच्याकडे काळं अशुभ, तुमच्याकडे तीच नवऱ्याची आठवण. गल्लीतल्या बायका तुला बघून रस्ता बदलू लागल्या, आणि तू दारात उभं राहणंच सोडलंस. तेवढ्यात तुझ्या भावाचं पत्र आलं, की परत ये, इथे तुझी खोली तशीच आहे. वडिलांचे मामा म्हणाले, "पोचवून दे रे बाबा मुंबईला, बसवून दे बोटीत. अपने लोगों में सुखी राहील ती." वडील हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. थंडीत राजधानी ग्वाल्हेरला हलायची, तिच्याबरोबर सगळं सचिवालय जायचं, त्याच्यामागे तेही गेले. तू भावाचं पत्र उशीखाली ठेवून दिवसभर खिडकीत बसू लागलीस. तू जाणार की राहणार हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण दुसरं काही मनातही नव्हतं.

मग संक्रांत आली, तुझी इथली पहिलीच. आजोबांना वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे आमच्याकडे सण नव्हता आणि आई रोजच्या विटक्या साडीत होती. समोरच्या काकूंकडे मात्र हळदीकुंकू होतं, नातवाचं बोरन्हाणही होतं. दुपार कलली तशा बायका येऊ लागल्या, सगळ्या काळ्या साड्यांत, कारण वर्षात काळं नेसायचा तोच एक सण. तू खिडकीत उभी होतीस. एक गेली, दोन गेल्या, मग घोळकाच आला. तू माझं मनगट धरलंस. "ये सब," तू म्हणालीस, "तेरे दादा के वास्ते?"

मी नऊ वर्षांची होते. मी म्हटलं, "हां."

मी काकूंकडे पोचते न पोचते तोच तू मागून दारात. डोक्यावर काळी जाळी, डोळे भरलेले. आत एक नवी सून उखाणा घेत होती, ती नवऱ्याच्या नावाच्या अलीकडेच थांबली. हळदीकुंकवाच्या खोलीत विधवा, तीही संक्रांतीला. तू एकेकीचे दोन्ही हात धरून म्हणत सुटलीस, "शुक्रिया, बहुत शुक्रिया. वो बहुत खुश होगा." काकूंना उलगडायला जरा वेळ लागला. मग त्यांनी कुंकवाची कोयरी हळूच पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "आओ भाभीजी, बैठो." एका म्हाताऱ्या बाईने हात मागे घेतला होता. काकूंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तिने तो पुढे केला. मघाशी खिदळणाऱ्या त्या पंधरा-वीस बायका डोक्यावर पदर घेऊन तुझ्याभोवती बसल्या, आणि एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी त्यांनी खरोखर डोळे पुसले. नंतर काकू आईला म्हणाल्या, "अगं, तिने ऐसा मन से पकडलं होतं, आता क्या बोलू मी तिला?"

त्याच संध्याकाळी तू भावाला लिहिलंस की येत नाही. "ऐसे लोगों को छोड़ के कैसे जाऊँ," आईला म्हणालीस. आईने मला जवळ घेतलं, "किती शहाणी गं माझी बाई, म्हातारीचं मन राखलंस." वडील ग्वाल्हेरहून आले, त्यांनी सगळं ऐकलं. जेवताना म्हणाले, "आई, बसा ना तुम्हीपण." तू दहा वर्षांनी गेलीस तेव्हा तुला पुरलं कबरस्तानात, पण वडिलांनी घरी येऊन मुंडण केलं.

पुढच्या संक्रांतीला तू पुन्हा खिडकीत उभी होतीस, आणि गल्लीत पुन्हा काळ्या साड्या. खूप वेळ बघितलंस. मग माझ्याकडे वळून विचारलंस, "इस साल कौन मरा?" मी पाटीत तोंड खुपसलं. तू माझा कान धरलास, बऱ्यापैकी जोरात, आणि सोडून आत आईजवळ तीळ निवडायला जाऊन बसलीस. त्यावर तू पुन्हा कधीच बोलली नाहीस. तुझा भाऊ त्यानंतर तुला भेटला नाही, तुझी भाषा तुझ्याशी कुणी बोललं नाही. तू राहिलीस म्हणून मला आजी मिळाली, मी खूप सुखात वाढले, आणि म्हणूनच हे मला आतून खातं.

हे पत्र वहीतच राहील, पाठवायला पत्ता नाही. आपल्या घरात ती गोष्ट अजून सांगतात, आता माझ्या नातवंडांनाही, की एवढीशी पोर पण तिला आजीची दया आली. मी मान खाली घालून ऐकून घेते. आजी, मला दयाबिया काही आली नव्हती. समोर बोरं आणि उसाचे करवे लुटायला पोरी जमल्या होत्या, आणि तू माझा हात सोडत नव्हतीस. हो म्हटलं की सोडशील, एवढंच मला कळत होतं.