सुपाएवढे हात

अहो,

आधी गुडघ्याला तेल चोळा, मग निवांत वाचा.

नातू बरा आहे. मी आल्यापासून दोन घास खातो. त्याने माझं चित्र काढलंय, भिंतभर! तोंड हिरवंगार, डोळ्यांच्या जागी खाचा आणि हात तर सुपाएवढे. तुम्ही म्हणाल, हिला कुणीतरी बरोब्बर ओळखली. मला बाई हसू आवरेना.

आधीची चित्रं त्याने स्वतःचीच काढलेली आहेत. अंग पिळवटलेलं, एकालाही तोंड नाही. ती मी भिंतीकडे वळवून ठेवलीत, उगाच धूळ बसते. रंग खरवडायची सुरी माझ्या पिशवीत असते, हरवायला नको. आणि हो, त्याला लाडानं ‘मेल्या’ म्हणायचं सोडलंय मी.

विचारलं, “एवढे हात कशाला रे, राजा?”

म्हणाला, “आजी, पडलो तर मावायला नको का मी?”

शेजारीण डबा देते ना? सूनबाईला चित्राचं सांगा, सुरीचं नको.

रंग तेलाचे आहेत, वाळायला फार दिवस लागतात म्हणे. तोवर मी इथेच बसते.

तुमची,
हिरव्या तोंडाची