म्हशीचा म

प्रिय तात्या,

आज सकाळी विक्रमचा फोन आला. पुढच्या महिन्यात पन्हाळ्यावर आपल्या बँडला बोलावलंय आणि बेंजो वाजवायला कुणी नाही. "तू मराठीची मास्तरीण, जाहिरात तू लिही," म्हणाला. "आन् ह्या बारीला नीट लिही. गोल, पाच तारांचा, असं स्पष्ट." कागद घेऊन बसले, दोन ओळी लिहिल्या आणि हात अडला. मग कागद उलटा केला आणि तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. तुमच्या जागी माणूस शोधायचा, तर निदान तुमच्या कानावर घालायला नको का?

पहिली जाहिरात विक्रमची होती. फौंड्रीच्या कामासाठी तो सहा महिने अमेरिकेत राहिला, तिथे शेजारच्या अंगणात लोक उभ्या उभ्या तारांची वाद्यं वाजवताना ऐकून खुळावला आणि मँडोलिन घेऊनच परत आला. त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, एवढं त्याला कळलं होतं. वाद्यांच्या दुकानात त्याने कागद चिकटवला: 'ब्लूग्रास बँडसाठी बेंजो वाजवणारा पाहिजे.' त्याच्या मनात होता तो तिकडचा गोल, डफाला दांडी लावल्यासारखा. पण कोल्हापुरात बेंजो म्हटल्यावर कोण येणार?

तुम्ही आलात. काखेत लांबडी पेटी, त्यावर तारा आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. वरातीत, गणपतीत वाजतो तो आपला बेंजो. चाळीस वर्षं बेंजो पार्टीत काढलेला माणूस. "बेंजोवाला पायजे म्हणून लिवलंय न्हवं? मी बेंजोवाला. भोंगा लावू का तसाच वाजवू?"

विक्रमने मला कोपऱ्यात घेतलं. "अगं, घोटाळा झाला. त्यो गोल असतोय. आता ह्यास्नी काय सांगायचं?" तुमचे कान तिखट. "गोल तर गोल," म्हणालात, "आधी ऐका की." विक्रमने मुद्दाम त्याची सगळ्यात जलद चाल काढली. दुसऱ्या फेरीला तुम्ही त्याला गाठलंत आणि तिसऱ्या फेरीला तोच धापा टाकायला लागला. "वरातीत घोडं बिथरलं की ह्येच्याहून जोरात वाजवतो आमी," असं म्हणून तुम्ही शांतपणे चहा मागितलात. त्या दिवशी तुम्हाला नको म्हणायची आमची छाती झाली नाही. देवाची कृपाच म्हणायची.

ब्लूग्रास म्हणजे निळं गवत, हे कळल्यावर तुम्ही काय हसलात! "निळं गवत कुठली म्हैस खाती गा?"

खरी अडचण पुढे होती. माझं सगळं शिक्षण चर्चच्या क्वायरमधलं. पप्पा ऑर्गन वाजवायचे, त्यांनी मला पाच रेघांवरचे काळे ठिपके वाचायला शिकवलं, गिटार मी त्यावरूनच शिकले. सरोजताई व्हायोलिनवाल्या, पंधरा वर्षं गुरूंपुढे मांडी घालून सारेगम घोटलेल्या. उभं राहून वाजवा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की तो विषय तिथेच मिटला. विक्रम मोबाइलवर बघून शिकलेला, त्याचे सूर म्हणजे ए बी सी डी. चौघे एका खोलीत आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. एक चाल बसवायला तीन रविवार गेले.

तुम्ही वाजंत्री व्हायच्या आधी कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांची मशीनं दुरुस्त करायचात. बेंजोची बटणं झिजली, तेव्हा भंगारातल्या मराठी मशीनची काढून बसवलीत. त्यामुळे तुमच्या प्रत्येक सुरावर एकेक अक्षर. "क दोनदा दाबा, मग त, मग म वर थांबा. हाय काय त्यात?" मी वहीत लिहून घेतलं, 'क क त म', आणि आम्ही तिघांनी आपापल्या वाद्यावर ती अक्षरं शोधली. सरोजताई मात्र चिडल्या. "तात्या, तुमचा म म्हणजे माझा पंचम. माझ्या बोटांचा गोंधळ होतो."

"मग ह्यो म्हशीचा म म्हना, ताई."

तेव्हापासून आपल्या बँडमध्ये तो म्हशीचा म. गुरूंचं नाव घेताना कानाची पाळी धरणाऱ्या सरोजताई आता खुशाल म्हणतात, "विक्रम, म्हशीच्या म वर जरा रेंगाळ." माझी वही बाहेरच्या माणसाने उघडली, तर त्याला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. आम्हाला त्यात पंचवीस चाली दिसतात.

आता जे सांगायचं टाळत आले, ते सांगते. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या आधी संयोजकांनी आपला फोटो पाहिला. "हा बॅन्जो नव्हे, जाणकार हसतील," म्हणाले. आम्ही मान डोलावली, तात्या. सरोजताई गावाला होत्या, म्हणजे मी आणि विक्रमनेच. आणि माझी जीभ गोड म्हणून फोन मी केला. "स्टेज लहान आहे, तुमचे गुडघेही दुखतात, ह्या वेळी आराम करा."

तुम्ही म्हणालात, "व्हय की. गुडघं लईच धरल्यात."

कार्यक्रमाला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला होता. स्टेजवर तुमच्यासारखे चार जण मावले असते, ते तुम्हाला समोरून दिसतच होतं. आमचं वाजवणं पार पडलं, त्यात जीव नव्हता. नंतर भेटलात तेव्हा वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "त वरनं क वर येताना घाई केलीसा. बाकी झ्याक." तेव्हाच तुमचे पाय धरायला हवे होते. मी "हो तात्या" म्हणून गिटार पिशवीत घातली.

पुढे तुम्ही रविवारी येईनासे झालात. विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, गुडघे. खरं दुखणं काळजाचं होतं, हे आम्हाला तुमच्या सूनबाईंनी दवाखान्यात सांगितलं. असं का केलंत? पण तुमच्यावर रागावू तरी कशी? गुडघ्यांचं निमित्त मीच तुमच्या हातात दिलं होतं.

माफी मागते. ती पोचेल की नाही ठाऊक नाही. आभार मात्र पोचतील अशी खात्री वाटते, कारण ते दर रविवारी वाजतात. पप्पांनी मला वाचायला शिकवलं, तुम्ही माझं वाजवणं दुसऱ्याशी जुळवून दिलंत. तुम्ही नसता, तर आम्ही तिघं अजून तीन खोल्यांत वाजवत बसलो असतो.

तेव्हा हा शब्द देते. विक्रम कितीही ओरडू दे, जाहिरातीत गोल लिहिणार नाही, लांब लिहिणार नाही, तारा मोजणार नाही. तोच कागद, त्याच दुकानात, त्याच शब्दांत: 'ब्लूग्रास बँडसाठी बेंजो वाजवणारा पाहिजे.' जो कोणी जे काही काखेत घेऊन येईल, त्याला आधी चहा देईन. मग वही उघडून विचारीन, "तुमच्यात म्हशीचा म कुठं हाय, पावणं?"

तुमची,
मास्तरीणबाई