तारीख बदलून मिळेल

३ मार्च
लेकीचे दिवस भरत आलेत. महिनाअखेरीला होईल म्हणते डॉक्टरीण. विमानाचं तिकीट काढलं. कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याने दोन प्रकार सांगितले. स्वस्तातलं काढलं की संपलं, त्यात बदल नाही. महागातलं आदल्या दिवसापर्यंत बदला, नाहीतर रद्द करा, दंड नाही. मी महागातलं घेतलं, अठरा तारखेचं. बाळंतपणाचा काय नेम. विहीणबाईंनी म्हणे जायचं-यायचं दोन्ही स्वस्तातलं काढलंय, वीस तारखेचं. शी. सुनेच्या बाळंतपणातही चिक्कूपणा. पहिली मीच पोचणार. शर्यत नाही, पण आईचा हात आधी लागलेला बरा.

९ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, ये गं आई. बस, एवढंच. शेजारणीला भाजी निवडायला बोलवावं तसं. मला मानपानाचं काही नाही, पण दोनदा म्हटलं असतं तर तोंड दुखलं असतं का. तारीख बावीस केली. उशीर होतोय म्हटल्यावर आपोआप विनवणी करेल. तिकीटवाल्याच्या दुकानात उंदराचा वास येतो. किळस आली.

१२ मार्च
विनवणी नाही. उलट जावयांचा मेसेज: आई, तुमच्या सोयीने या. सोयीने यायला मी काय गॅसवाली आहे. पंचवीस केली. यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, तू जाणार आहेस की तिकीटच फिरायला जाणार आहे. जन्मभर हे असंच.

१७ मार्च
बॅग भरली. दुपटी, टोपडी, हाताने शिवलेली झबली सगळ्यात वर. एवढीशी बाही, त्यात माझी दोन बोटं जातात. मन कसं भरून आलं. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. नाक वाहतंय, पण जाते हो, तिकीट बदलत नाही ना, काय करणार, म्हणाल्या. फोनमध्येच शिंकल्या. मी माझा फोन पुसून घेतला.

२१ मार्च
पोचल्या. लेक म्हणते, सासूबाईंनी आल्या आल्या पाय चेपून दिले. माझ्या लेकीचे पाय, त्या शिंकऱ्या हातांनी. आता धावत गेले तर जळफळाट दिसेल. मला तो नाहीच. सत्तावीस केली. तिकीटवाला म्हणाला, आजी, दुकानाची किल्लीच ठेवा तुमच्याकडे. फाजील मेला.

२४ मार्च, सकाळ
झाली. मुलगी. नाक हुबेहूब माझं. आनंदात चहात मीठ पडलं, यांनी निमूट प्यायला. फोटोत बाळ विहीणबाईंच्या मांडीवर. सर्दी कुठे गेली कोण जाणे. दुपटंही त्यांचंच, टोचणारं असणार.

दुपार
आजच निघते म्हणून दुकानात गेले. तिकीटवाला म्हणाला, तारीख बदलते हो आजी, पण विमानात जागा तर हवी. सत्तावीसच धरा. घरी येऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, खोली एकच आहे, आता बाळासकट दोघी एकदम मावणार नाहीत. सासूबाईंचं परतीचं वीस एप्रिलचं आहे आणि ते बदलत नाही. तुझं बदलतं ना.

२६ मार्च
एकवीस एप्रिल केली. मलाच घाईत जायचं नव्हतं. बाळ जरा मोठं झालेलं बरं, ओळखतं तरी. हे म्हणाले, रद्दच का नाही करत. म्हटलं, दूरदृष्टीने घेतलेलं तिकीट आहे, रद्द कशाला.
झबलं काढून पाहिलं. तोवर बाळाच्या अंगात बसायचं नाही.