अमावास्या सरेपर्यंत

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. कोडोली

आई हयात नाही, म्हणून पहिलं बाळंतपण नणंदेकडे. धैर्यशीलच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच ओरडल्या, "पावण्यावानी काय उभारलीयास? बस की!" बेचाळिसाव्या वर्षी एवढे लाड! खोली मागच्या अंगाला, गार. खिडकीला लागूनच ऊस. धैर्यशील मला सोडून पुण्याला परतला. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पाणी गेलं तर रंग बघा, हिरवट म्हणजे बाळाला धोका, आणि कळांची वाट न पाहता निघा. आक्कांनाही सांगितलं. त्या नुसत्या हसल्या.

१५ सप्टेंबर

अविधवा नवमी. आक्कांनी गेलेल्या सुनेचं, पूर्णिमाचं पान वाढलं. अमावास्येला तिचं पाणी गेलं, तशीच घाईने जीपमध्ये घातली, वाटेतच ती आणि बाळ, दोघं गेली. एक दिवस दम धरला असता तर वाचली असती, असं आक्का म्हणतात. उलटही असेल, आधी निघायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. पण जेवणाच्या पानापुढे रडणाऱ्या बाईशी वाद कसा घालायचा? ती याच खोलीत राहायची.

२० सप्टेंबर

सकाळी गादी ओली. लघवी की पाणी? वास लघवीचा नाही. खोकलं की पुन्हा झिरपतं. रंग स्वच्छ. मी उगाच घाबरते आहे का? "मुतलीयास, दुसरं काय!" म्हणून आक्का हसल्या. मग त्यांनी फरशी पुसली, फडकं नाकाशी नेलं आणि हसू थांबलं. आत्ता नेलं तर बाळ उद्या, अमावास्येलाच होणार. सोमवारी घट बसले की नेऊ, असं त्यांनी धैर्यशीलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही, हेही खरं.

२१ सप्टेंबर, सकाळ

अंगात कणकण. पाणी हिरवट. आक्कांना दाखवलं. त्यांनी माझा फोन कनवटीला लावला, बाहेरून कडी घातली. दारापलीकडे रडत होत्या. ह्या खेपेला न्हाय जाऊ द्यायची, म्हणाल्या.

दुपार

आक्कांसकट घरातले सगळे गच्चीवर. पितरांचं पान ठेवलंय, कावळा शिवत नाही. काव काव करून बोलावताहेत. त्यात माझी हाक कुणाला—

बाळ सकाळपासून हललेलं नाही. की माझंच लक्ष—

कळ. पाणी भसकन गेलं. मांड्यांमध्ये काहीतरी. मऊ, ओल्या दोरीसारखं. डोकं नव्हे.

नाळ.

धडधडतेय. माझ्या नाडीशी जुळत नाही. ही त्याची. जिवंत आहे—

दार बडवलं. वरून फक्त काव, काव.

सावकाश झाली. भास असेल. नाही, भास नाही. आक्का, कडी—

बोटांखाली अजून आहे. थांबून थांबून. आहे.

आहे.

पुढचा ठोका—