पायाने उठणारी काठी

४ मार्च
काठी पुन्हा पडली. हिने भिंतीला टेकवली, ती घसरली, मग ही गुडघा धरून खाली वाकली. सरळ व्हायला दोन मिनिटं. आणि मी नुसता बघत उभा! नावावर सात पेटंटं, पण बायकोची काठी उचलून देण्यापलीकडे काही सुचत नाही. लाज वाटली.

५ मार्च
सुचलं! दाढी अर्धी टाकून टेबलाशी आलो. काठीच्या तळाशी आडवी पट्टी, पट्टीत स्प्रिंग. पडलेल्या काठीच्या पट्टीवर पाय दिला की काठी उठते, मूठ हातात येते. वाकायचं कामच नाही. इतकं लख्ख फार वर्षांत काही दिसलं नव्हतं. एक रेघ खोडावी लागली नाही.

९ मार्च
मेहुणा आला होता. कारखान्यात खरेदी बघतो, त्यामुळे कशातही खोट काढायची सवय. "दाजी, दूध उतू जाताना वाजणारी शिट्टी, न घसरणारी शिडी, मधेच छत्रीचं पाणी धरणारी नळी, आता काठी. एक काहीतरी धरून बसा की." मी म्हटलं, लोकांच्या अडचणी बसतात का एक धरून? ही हसली. हल्ली जरा गप्पच असते, म्हणून बरं वाटलं.

२१ मार्च
पट्टीवर पाय दिला तर काठी थेट दिव्यावर! स्प्रिंग फार कडक. दिवा गेला. हिने निमूट काचा गोळा करवून घेतल्या — माझ्याकडूनच.

३० मार्च
जमलं. हिने स्वयंपाकघरात चार वेळा मुद्दाम काठी पाडली, चारही वेळा पायाने उठवली. मग पदराने डोळे पुसत बसली. मलाही भरून आलं.

६ एप्रिल
अर्ज गेला. वकील फोनवर विचारत होते, "जुनी पेटंटं चाळलीत ना? आधी कुणी केलं असेल तर मिळणार नाही." चाळायचं काय त्यात? असलं दुसऱ्या कुणाला सुचलं असतं तर दुकानात दिसलं नसतं? बाकीची सात गेली तरी चालतील. हे मिळायला हवं. हे हिच्यासाठी आहे, अर्जातही तसं लिहिलंय.

१४ नोव्हेंबर
हरकतीचं पत्र. हेच सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलंय! पट्टी, स्प्रिंग, सगळं. कोण हा माणूस? वकील त्या पेटंटची प्रत पाठवतायत.

१६ नोव्हेंबर
प्रत आली. शोधक म्हणून माझं नाव. सही माझी. चित्रही माझंच, बाणांची टोकं मी अशीच काढतो. खाली लिहिलंय — आईच्या वापरासाठी. तासभर कागद घेऊन बसलो. आई आठवते. तिचा आवाज आठवतो. तिच्या हातात काठी काही दिसत नाही. फार भीती वाटते आहे.

१७ नोव्हेंबर
हिला कागद दाखवला. तिने चष्मासुद्धा शोधला नाही. "आईंची काठी," म्हणाली.
मग मार्चमध्येच का नाही बोललीस, मी विचारलं.
तिने माझा हात हातात घेतला. "बोलले होते. दोनदा."