उताणी चालणारी अळी

पिंपळगाव राजा
चैत्र शु. १२, शके १८५७
खताचा खड्डा उपसायला घेतला तर आत पांढऱ्या जाड अळ्या, टोपलीभर. ह्यांचा चेहरा उतरला. पारसाल अशाच पांढऱ्या हुमणीनं मिरचीची मुळं खाल्ली, उभं पीक वाळलं, ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाले, "आग लावून टाकतो खड्ड्याले." वर्षभर शेण मी आणि जाऊबाईंनी वाहिलं. दुसरं खत आणणार कुठून? राग आला.

चै. शु. १३
अळ्या सुपात सोडल्या. उलटून पाठीवरच सरसर निघाल्या, पाय आभाळाकडे! हुमणी अशी चालत नाही, मिरचीत खणताना पाहिलीय. सुलट्या केल्या, पुन्हा उताण्या. हसू आवरेना. ह्यांना दाखवलं.
"काऊन नादी लागली व त्याईच्या? अळी ते अळी."
तरी अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतील. परसातली मिरचीची दोन रोपं मडक्यांत लावली. एकात अळ्या, एकात नाहीत. दोन्हींत रोज मूठभर खत.

चै. व. २
बैल पाहायला गुरांचे डॉक्टर आले. पेटीत सूक्ष्मदर्शक. मी अळी पुढे केली. जाऊबाई, "शरम नाही का व तुले?" डॉक्टर हसले, पण अळीच्या पोटातला रस काचेवर घेतला. डोळा लावला. देवा रे. थेंबात जत्रा. काड्या, टिंबं, सगळं हलतंय. म्हणाले, काडीकचरा एकट्या अळीला पचत नाही, हे जंतू तो पचवतात. लेंडीतून तेच मातीत उतरतात, मग मातीतले जीव त्या लेंडीवर पोसतात. एवढ्याशा पोटात एवढी वस्ती, आणि आम्ही काडी ओढायला निघालो होतो. जेवणात लक्ष नव्हतं.

चै. व. १२
मडकी फोडली. अळ्यांजवळचं रोप जास्त हिरवं, मुळं शाबूत. लेंड्यांवर पांढरे तंतू, तंतूंत बारीक किडे. दुसऱ्यात तसं काही नाही. रोप ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी मुळं बराच वेळ चाचपली.
"बरं. टाकतो वावरात. तुह्या भरोशावर."

वैशाख शु. ३
शेवटची गाडी गेली, खत पसरलं. जेवताना म्हणाले, "मडक्यात तू रोज मूठभर खत घालत होती ना? वावरातलं खत सरल्यावर ह्या अळ्या काय खातीन? मुळंच ना?"
हे मला सुचलंच नव्हतं.
"मले नाही माहीत," म्हटलं.
"पाहू," म्हणाले, "तूप वाढ."